गोडो इंजिनमध्ये कॅरेक्टरची हालचाल आणि टक्कर सोपी कशी ठेवायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोडो या गेम बनवायच्या इंजिनात पहिला प्लॅटफॉर्मर (उड्या मारत पुढे जायचा गेम) करायला घेतला की चित्रं, आवाज, मेनू हे सगळं जमत जातं आणि गाडी अडते ती कॅरेक्टरच्या चालण्यावर. कॅरेक्टर उतारावर थरथरतं, सपाट जमिनीवर मध्येच ठेचकाळतं, जंपचं बटण दाबूनही उडत नाही. बहुतेक वेळा याचं कारण एकच निघतं: कॅरेक्टरवर गरजेपेक्षा जास्त फिजिक्स लादलेलं असतं. खालची उत्तरं गोडो ४ धरून लिहिली आहेत. आकडे २डीचे आहेत, ३डीचे असतील तिथे तसं म्हटलं आहे.

कॅरेक्टरसाठी रिजिडबॉडी का नको? खरं फिजिक्स तर तिथेच आहे ना?

आहे, आणि अडचणही तीच आहे. रिजिडबॉडीला वजन, घर्षण, उसळी आणि फिरणं असतं. तुम्ही फक्त जोर लावता; वस्तू कुठे जाऊन थांबेल हे इंजिन ठरवतं. खेळणाऱ्याची अपेक्षा मात्र याच्या अगदी उलट असते. बटण दाबलं की लगेच चालायला हवं, सोडलं की थांबायला हवं, उतारावर उभं राहिलं तर घरंगळायला नको आणि भिंतीला धडकून आडवं तर मुळीच पडायला नको. हे सगळं रिजिडबॉडीकडून करून घ्यायचं तर आधी फिरणं बंद करावं लागतं, मग घर्षण शून्य करावं लागतं, मग दर टिकला (फिजिक्सच्या हिशेबाच्या प्रत्येक ठोक्याला) वेग आपल्या हातानं लिहावा लागतो. म्हणजे फिजिक्स मागवायचं आणि त्याचा एकेक भाग काढून टाकत बसायचं.

कॅरेक्टरबॉडीत, म्हणजे गोडोनं खास कॅरेक्टरसाठी दिलेल्या घटकात, सुरुवात रिकाम्या पाटीनं होते. गुरुत्वाकर्षणसुद्धा तुम्ही लिहाल तेव्हाच येतं. वेग तुम्ही ठरवायचा आणि इंजिननं एवढंच सांगायचं की वाटेत काय लागलं आणि कुठे लागलं. कामाची ही वाटणी डोक्यात पक्की बसली की पुढचे निम्मे प्रश्न पडतच नाहीत.

चेंडू, घरंगळणारी पिंपं, पडणारी खोकी यांना रिजिडबॉडीच द्या. ज्या गेममध्ये तोल सावरणं हीच मजा आहे, तिथे मुख्य कॅरेक्टरलाही ती शोभते.

कॅरेक्टरबॉडीला हलवणारं मूव्ह अँड स्लाइड हे फंक्शन नेमकं काय करतं?

एक टिक सावकाश पाहू. फिजिक्सचे सेकंदाला ६० टिक असतात आणि कॅरेक्टरचा वेग उजवीकडे ३०० पिक्सेल प्रतिसेकंद आहे, असं समजा. म्हणजे एका टिकला ५ पिक्सेल जायचं आहे. भिंत ३ पिक्सेलवर आहे. इंजिन कॅरेक्टरच्या शेपला (टक्करीसाठी दिलेल्या आकाराला) त्या दिशेनं सरकवतं, ३ पिक्सेलवर स्पर्श होतो, २ पिक्सेल उरतात. त्या उरलेल्या हालचालीचा भिंतीत घुसणारा भाग टाकून दिला जातो आणि भिंतीला समांतर जाणारा भाग ठेवला जातो. कॅरेक्टर नुसतं उजवीकडे चालत असेल तर काहीच उरत नाही, ते थांबतं. हवेतून तिरकं खाली येत असेल तर खाली जाणारा भाग शिल्लक राहतो आणि ते भिंतीला घासत खाली सरकतं.

उरलेल्या वाटेत आणखी काही लागलं तर हेच पुन्हा होतं. अशा फेऱ्या २डीमध्ये मुळात जास्तीत जास्त ४ आणि ३डीमध्ये ६ ठरवलेल्या आहेत. सोबतच प्रत्येक स्पर्शाला जमीन, भिंत किंवा छत असं नाव मिळतं. पृष्ठभागाची लंबरेषा वरच्या दिशेपासून ४५ अंशांच्या आत कललेली असेल तर ती जमीन. हा कोन बदलता येतो.

एवढं सगळं एका ओळीत होतं. त्यामुळे स्वतःची टक्कर-यंत्रणा लिहायला बसण्याआधी या ओळीच्या सेटिंग्ज इन्स्पेक्टरमध्ये (निवडलेल्या घटकाच्या सेटिंग्ज दाखवणाऱ्या खिडकीत) एकदा शांतपणे वाचून काढा.

वेगाला डेल्टानं (मागच्या टिकपासून गेलेल्या वेळेनं) गुणायचं की नाही?

मूव्ह अँड स्लाइडला द्यायच्या वेगाला गुणायचं नाही, ते आतच होतं. गुणलंत तर ३०० चा वेग ५ होतो आणि कॅरेक्टर जागीच खिळल्यासारखं दिसतं. गुरुत्वाकर्षण म्हणजे वेगातला बदल, म्हणून ते वेगात मिळवताना डेल्टानं गुणायचं. मूव्ह अँड कोलाइड मात्र वेग घेत नाही, थेट अंतर घेतं. तिथे गुणायलाच हवं.

जुन्या व्हिडिओतला कोड जशाच्या तसा टाकला, चालत नाही.

तो गोडो ३ चा असणार. तिथे कॅरेक्टरबॉडी या नोडचं (गोडोमध्ये गेमच्या प्रत्येक घटकाला नोड म्हणतात) नाव कायनेमॅटिकबॉडी होतं. मूव्ह अँड स्लाइडला वेग, वरची दिशा वगैरे कंसात द्यावं लागायचं आणि बदललेला वेग परत मिळायचा. मार्च २०२३ मध्ये आलेल्या ४.० पासून वेग हा नोडचाच गुणधर्म झाला. कंस रिकामा असतो आणि परत येतं ते फक्त टक्कर झाली की नाही, याचं हो किंवा नाही. हा बदल फार चांगला झाला. जंप, चालणं, धक्का लागणं हे सगळं एकाच वेगावर काम करतं आणि बाकीच्या गोष्टी इन्स्पेक्टरमध्ये डोळ्यांसमोर राहतात.

कोलिजन शेप चित्राच्या बाह्यरेषेप्रमाणे काढला तर जास्त अचूक होणार नाही का?

चित्रापुरता अचूक होईल, खेळायला वाईट होईल. धावताना हात पुढे येतो, तलवार उपसली की चित्र रुंदावतं, वाकलं की डोकं पुढे जातं. शेप या सगळ्यासोबत बदलत राहिला तर भिंतीजवळ नुसता हात हलवल्यानंही कॅरेक्टर मागे ढकललं जाईल. अरुंद बोळात वळलं की अडकेल.

१९९३ च्या डूममध्ये खेळाडूचा टक्करीसाठीचा आकार म्हणजे ३२ एकक रुंद आणि ५६ एकक उंच अशी एक चौकट होती. खेळाडू कोणत्याही दिशेला वळला तरी ती चौकट वळत नसे, त्यामुळे नुसत्या वळण्यानं भिंतीत रुतायची सोयच नव्हती. पुढे यंत्रं कितीतरी ताकदवान झाली, तरी मुख्य कॅरेक्टरला एकच साधा, न बदलणारा आकार द्यायची पद्धत टिकून आहे, कारण खेळणाऱ्याला भरवसा हवा असतो. काल जिथून निघता आलं तिथून आज निघता यायलाच हवं.

आयत की कॅप्सूल? पिक्सेल आर्टच्या प्लॅटफॉर्मरला मी आयत घेईन. तळ सपाट असल्यानं कड्याच्या अगदी टोकावरही पाय टेकतात, आणि उडी कुठून मारता येईल याचा अंदाज चुकत नाही. कॅप्सूलचा तळ गोल असतो, म्हणून कड्यावरून तो घसरू लागतो. पण तोच गोल तळ खडबडीत जमिनीवर, लहानशा उंचवट्यांवर सहज चढतो. ३डीमध्ये बहुतेक वेळा कॅप्सूलच बरा.

शेप चित्रापेक्षा थोडा अरुंद ठेवा. केस, शेला, शस्त्र हे सगळं बाहेर राहू द्या. आणि तो लहान-मोठा करताना नोडचं स्केल बदलू नका, शेपचीच रुंदी-उंची बदला. आडवं एक आणि उभं वेगळं असं स्केल दिलं की टक्करीचं गणित बिघडतं, गोडो तसा इशाराही देतं.

मार लागणं आणि नाणी वेचणं यांचा या शेपशी संबंध ठेवू नका. त्यासाठी वेगळे एरिया नोड लावा; ते अडवत नाहीत, फक्त स्पर्श झाल्याचं कळवतात. शत्रूचा वार झेलणारा एरिया अंगापेक्षा लहान, नाणी वेचणारा अंगापेक्षा मोठा. दोन्ही वेळा खेळणाऱ्याच्या बाजूनं झुकतं माप पडतं आणि गेम न्यायी वाटतो.

सपाट जमिनीवर चालताना कॅरेक्टर मध्येच अडकतं. तिथे तर काहीच नाही!

तिथे दोन टाइलचा, म्हणजे लेव्हल ज्यांनी जोडून बनवतात त्या चौकोनी तुकड्यांचा, सांधा असतो. प्रत्येक टाइलला स्वतःचा चौकोन असेल तर जमीन दिसायला सलग, पण इंजिनच्या दृष्टीनं चौकोनांची रांग असते. फरशी नीट बसली नसली की सांध्यावर ठेच लागते, तसंच इथे होतं. गुरुत्वाकर्षणामुळे कॅरेक्टर किंचित खाली दाबलं जातं आणि पुढच्या चौकोनाची उभी कड त्याला भिंत वाटते.

४.५ पासून टाइलमॅपलेअर शेजारच्या टाइलचे आकार गटागटानं जोडून मोठा आकार करतं, त्यामुळे हा त्रास बराच कमी झाला आहे. जुन्या आवृत्तीत असाल तर लांब सपाट जमिनीला टाइलची टक्कर देऊच नका. एक स्टॅटिकबॉडी (न हलणारी वस्तू) घ्या आणि त्यावर एक लांब आयत ओढा. दिसायला टाइल, टक्करीला एकच पट्टी. आयताऐवजी कॅप्सूल घेऊनही बऱ्याचदा सुटका होते.

उतारावरून खाली उतरताना कॅरेक्टर टप्पे खातं.

पुन्हा आकड्यांनीच पाहू. ३०० च्या वेगानं एका टिकला ५ पिक्सेल पुढे. उतार ४५ अंशांचा असेल तर तेवढ्यात जमीनही ५ पिक्सेल खाली जाते. कॅरेक्टरला जमिनीशी चिकटवून ठेवणारं फ्लोर स्नॅप लेंग्थ मुळात फक्त १ पिक्सेल आहे. ते खाली १ पिक्सेल शोधतं, जमीन सापडत नाही, कॅरेक्टर हवेत आहे असं ठरतं. मग गुरुत्वाकर्षण लागतं, ते पडतं, टेकतं आणि पुन्हा तेच. ॲनिमेशनही चालणं आणि पडणं यांच्यात फडफडत राहतं.

स्नॅप ६ ते ८ करा, थांबेल. जंप अडणार नाही, कारण कॅरेक्टर वर जात असताना स्नॅप लागू होत नाही. हिशेब सोपा आहे: एका टिकला जितकं पुढे जाता, त्याहून थोडं जास्त.

चढताना वेग मंदावतो आणि उतरताना वाढतो, तेही नको असेल तर फ्लोर कॉन्स्टंट स्पीड चालू करा. उतारावर नुसतं उभं राहिल्यावर घसरू नये यासाठीची फ्लोर स्टॉप ऑन स्लोप ही सोय आधीपासूनच चालू असते.

गुरुत्वाकर्षण ९८० ठेवलं, तरी जंप फुग्यासारखी का वाटते?

कारण ९८० हा आकडा पृथ्वीचा आहे, ९.८ ला १०० नं गुणून आलेला. तुमचं कॅरेक्टर स्वतःच्या उंचीच्या दुप्पट उडतं. पृथ्वीवर कोणी तसं उडत नाही, मग तिथला आकडा इथे शोभेल कसा?

गुरुत्वाकर्षण आणि जंपचा वेग अंदाजानं बदलत बसणं सोडा. त्याऐवजी दोन गोष्टी ठरवा: उडी किती उंच हवी आणि शिखरावर पोचायला किती वेळ लागावा. दोन्ही गोष्टी डोळ्यांना दिसतात, म्हणून ठरवायला सोप्या जातात. उंचीची दुप्पट भागिले वेळ म्हणजे जंपचा वेग. उंचीची दुप्पट भागिले वेळेचा वर्ग म्हणजे गुरुत्वाकर्षण. १२० पिक्सेल उंची आणि ०.४ सेकंद घेतले तर जंपचा वेग ६०० आणि गुरुत्वाकर्षण १५००. गोडोमध्ये २डीला खालची दिशा धन असते, म्हणून वेग उणे ६०० लिहायचा.

आता एक बारीक गोष्ट. हे आकडे घालून प्रत्यक्ष मोजलंत तर उंची बरोबर १२० भरणार नाही. गोडोच्या तयार टेम्प्लेटमध्ये गुरुत्वाकर्षण आधी आणि जंप नंतर आहे, आणि गुरुत्वाकर्षण फक्त हवेत असताना लागतं. त्यामुळे उडीच्या पहिल्या टिकला ते लागत नाही. ६००, ५७५, ५५० असा वेग उतरत जातो आणि एकूण उंची १२५ पिक्सेल होते. जंप आधी लिहून गुरुत्वाकर्षण नंतर लगेच मिळवलं तर सुरुवातच ५७५ पासून होते आणि उंची ११५ भरते. फक्त ओळींचा क्रम बदलल्यानं १० पिक्सेलचा फरक पडला. लेव्हल आखण्याआधी हा क्रम पक्का करा आणि नंतर त्याला हात लावू नका, नाहीतर जेमतेम गाठता येणारे सगळे प्लॅटफॉर्म एका दिवसात हाताबाहेर जातील.

जंप चपळ वाटावी म्हणून खाली येताना गुरुत्वाकर्षण दीडपट ते दुप्पट करा. वर जात असताना बटण सोडलं तर वरचा वेग निम्मा करा, म्हणजे हलकं दाबल्यावर छोटी उडी मिळते. पडण्याच्या वेगालाही एक कमाल मर्यादा घाला.

खेळणारे म्हणतात, बटण दाबलं होतं पण जंप झालीच नाही.

त्यांच्यावर विश्वास ठेवा. त्यांनी बटण दाबलेलंच असतं, फक्त कॅरेक्टर कड्यावरून सुटल्यानंतर एक-दोन टिकांनी किंवा जमिनीला टेकण्याआधी दोन-तीन टिक. माणसाच्या बोटांकडून सेकंदाच्या साठाव्या भागाची अचूकता मागणं हा अन्याय आहे.

दोन टायमर लावा. पहिला जमीन सुटल्यापासून ०.१ सेकंद चालतो आणि तेवढ्या वेळात केलेली जंप मान्य होते. डेव्हलपर याला कोयोटी टाइम म्हणतात. दुसरा जंपचं बटण दाबल्यापासून ०.१ सेकंद चालतो आणि तेवढ्यात जमीन लागली तर जंप आपोआप होते. हा जंप बफर. ६० टिकांच्या हिशेबानं ०.१ सेकंद म्हणजे ६ टिक. जंप झाली की दोन्ही टायमर शून्य करा, नाहीतर हवेत दुसरी उडी फुकटात मिळते.

२०१८ च्या सेलेस्ट या गेमच्या कर्त्यांनी खेळाडूच्या हालचालीचा कोड सर्वांना वाचायला खुला केला. त्यात कड्यानंतरची सवलत ०.१ सेकंदच आहे. शिवाय उडताना डोकं कोपऱ्याला ४ पिक्सेलपर्यंत घासलं तर कॅरेक्टर बाजूला सरकवून वर जाऊ दिलं जातं. अतिशय कठीण म्हणून ओळखला जाणारा हा गेम खेळणाऱ्याला जागोजागी अशी सवलत देतो. म्हणूनच त्यात हरल्यावर राग गेमचा येत नाही. ज्यांना हा विषय मनापासून शिकायचा आहे त्यांनी तो कोड जरूर वाचावा.

कॅरेक्टर जमिनीवर आहे का हे सांगणारं इज ऑन फ्लोर कधीकधी चुकीचं का सांगतं?

ते शेवटच्या मूव्ह अँड स्लाइडचा निकाल सांगतं, आत्ताची स्थिती नव्हे. मूव्ह अँड स्लाइड एका टिकला एकदाच बोलवा आणि फिजिक्स प्रोसेसमध्येच (दर टिकला चालणाऱ्या फंक्शनमध्ये) बोलवा. वरून दिसणाऱ्या गेममध्ये तर जमीन ही कल्पनाच नसते. तिथे मोशन मोड फ्लोटिंग ठेवा आणि हा प्रश्न विसरा.

वरून दिसणाऱ्या गेममध्ये तिरकं चाललं की वेग वाढतो.

उजवीकडे १ आणि खाली १ मिळून १.४१ होतात. चार दिशा वेगवेगळ्या वाचण्याऐवजी गेट व्हेक्टर वापरा, ते लांबी १ च्या पुढे जाऊ देत नाही.

थांबताना बर्फावरून घसरल्यासारखं वाटतं.

वेग बदलायला मूव्ह टुवर्ड वापरा आणि त्वरण पिक्सेल प्रतिसेकंद प्रतिसेकंद अशा सरळ आकड्यात लिहा. १८०० ठेवलं तर ३०० चा वेग १० टिकांत मिळतो आणि तितक्यातच उतरतो. थांबतानाचा आकडा सुरू होतानाच्या आकड्याहून मोठा ठेवला की कॅरेक्टर हाताखाली असल्याची खात्री वाटते. लर्पनं (दर वेळी उरलेल्या फरकाचा ठरावीक भाग कापत) वेग कमी करत नेला तर तो शून्याजवळ रेंगाळत राहतो, आणि टिकांची संख्या बदलली की अनुभवही बदलतो.

लेअर आणि मास्क यांचा कायम गोंधळ होतो.

लेअर म्हणजे मी कोण आहे. मास्क म्हणजे मी कोणाला अडतो. एकूण ३२ लेअर मिळतात, लहान गेमला पाच-सहा पुरतात: जमीन, खेळाडू, शत्रू, वस्तू, वार. प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये त्यांना नावं देऊन ठेवा, नुसत्या आकड्यांवर काम करू नका. मग प्रत्येक जोडीला विचारा: यांनी एकमेकांना खरंच अडवायला हवं का? शत्रूंनी शत्रूंना अडवायचं नसेल तर शत्रूच्या मास्कमधून शत्रू काढून टाका. अरुंद वाटेत एकमेकांवर अडून बसलेल्या शत्रूंचा प्रश्न तेवढ्यानं मिटतो, कोडची एक ओळही लागत नाही. सोपं करायचं तर सुरुवात इथूनच करावी असं मला वाटतं, कारण जी टक्कर होतच नाही तिच्यात बिघाडही होत नाही.

वेगानं जाणारी वस्तू भिंतीतून आरपार जाते.

मूव्ह अँड स्लाइड वाटेतलं सगळं तपासत जातं, त्यामुळे कॅरेक्टर सहसा आरपार जात नाही. जात असेल तर कुठेतरी पोझिशन थेट लिहिली जात आहे. १२०० च्या वेगानं एका टिकला २० पिक्सेल होतात. पोझिशन लिहून तेवढी उडी घेतली की ८ पिक्सेलची भिंत इंजिनला दिसतच नाही. गोळ्यांसाठी जुन्या जागेपासून नव्या जागेपर्यंत रेकास्ट (वाटेत काय लागतं ते तपासणारी सरळ रेषा) टाका. रिजिडबॉडी असेल तर तिचा कंटिन्युअस सीडी चालू करा.

कॅरेक्टर खोकं ढकलत नाही, नुसतं अडतं.

कॅरेक्टरबॉडीला वजन नाही, म्हणून ती आपण होऊन जोर देत नाही. मूव्ह अँड स्लाइडनंतर त्या टिकच्या टकरी एकेक करून तपासा आणि समोर रिजिडबॉडी असेल तर तिला बेताचा धक्का द्या. कोडी सोडवायच्या गेममध्ये मात्र खोकं रिजिडबॉडी करूच नये. तिथे ते बरोबर एक घर सरकायला हवं, तिरकं होऊन कोपऱ्यात अडकलं तर कोडंच सुटेनासं होतं.

सरकत्या प्लॅटफॉर्मवर कॅरेक्टर मागे राहतं.

प्लॅटफॉर्म स्टॅटिकबॉडी ठेवून हलवत असाल. ॲनिमेटेबलबॉडी घ्या, कॅरेक्टर सोबत जाईल.

३डीमध्ये जिना चढत नाही.

युनिटीच्या कॅरेक्टर कंट्रोलरमध्ये पायरी चढायची सोय आहे, मूळ आकडा ०.३. अनरियलमध्ये ती ४५ सेंटिमीटर आहे. डूममध्ये २४ एककं होती. गोडोच्या कॅरेक्टरबॉडीत अशी तयार सोय नाही. कोड लिहून करता येते, पण जिथे जमेल तिथे जिन्यावर न दिसणारा उतार टाका. दिसायला पायऱ्या, चालायला घसरगुंडी. कॅमेराही पायरीगणिक उसळत नाही.

हालचाल झटक्याझटक्यानं होते, पण फ्रेम रेट तर उत्तम आहे.

स्क्रीन १४४ हर्ट्झची आणि फिजिक्स ६० टिकांचं असेल तर काही फ्रेममध्ये कॅरेक्टर जागचं हलतच नाही. हालचालीचा कोड फिजिक्स प्रोसेसमधून उचलून दुसरीकडे नेऊ नका. प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये फिजिक्स इंटरपोलेशन (दोन टिकांच्या मधल्या जागा भरून दाखवणं) चालू करा. २डीसाठी ते ४.३ मध्ये आलं, ३डीसाठी ४.४ मध्ये. कॅरेक्टरला एका जागेवरून दुसरीकडे एकदम नेलंत तर तेवढ्यापुरतं इंटरपोलेशन रीसेट करा, नाहीतर ते मधल्या वाटेनं सरपटत गेलेलं दिसतं.

जोल्ट घेतलं तर हे सगळं सुटेल का?

जोल्ट हे फक्त ३डीचं फिजिक्स इंजिन आहे, ४.४ पासून गोडोत अंगभूत मिळतं. ढीगभर रिजिडबॉडी असतील तर फरक जाणवतो. पण स्नॅप, कोन, जंपचं गणित, टायमर हे निर्णय तुमचेच राहतात.

काही बिघडलं तर शोधायला कुठून सुरुवात करायची?

डीबग मेनूतून व्हिजिबल कोलिजन शेप्स चालू करा आणि गेम पुन्हा चालवा. शेप चित्रापासून सरकलेला, दोन टाइलच्या मध्ये फट, चुकून राहिलेला दुसरा शेप, असं बरंच काही लगेच दिसतं. तरी नाही सापडलं तर स्क्रीनच्या कोपऱ्यात तीन गोष्टी दर टिकला छापा: वेग, जमिनीवर आहे की नाही, आणि शेवटच्या टकरीची लंबरेषा. मग तो प्रसंग टिक-टिक करत पुढे न्या. सपाट जमिनीवर लंबरेषा अचानक आडवी झाली तर टाइलचा सांधा. जमिनीवर आहे, नाही, आहे, नाही असं होत असेल तर स्नॅप कमी पडतंय. दोन्ही ठीक असून वेगच विचित्र असेल तर चूक तुमच्या स्क्रिप्टमध्ये आहे, इन्स्पेक्टरमध्ये शोधण्यात वेळ घालवू नका.